६ सोल्दी आणि ५०७ फ्लोरिन : फ्लोरेन्सच्या १४२७ च्या कातास्तोचं प्रकरण

जुलै १४२७. फ्लोरेन्समधला पंचवीस वर्षांचा एक चित्रकार कातास्तो नावाच्या नव्या संपत्तीकरासाठी सरकारला आपल्या घरचा हिशेब लिहून देतो. घरात तीन माणसं : तो स्वतः, वीस वर्षांचा धाकटा भाऊ आणि पंचेचाळीस वर्षांची आई, मोना याकोपा. राहायचं घर भाड्याचं, वर्षाला १० फ्लोरिन. कामासाठी एका दुकानाचा हिस्सा, तोही भाड्याचा, वर्षाला २ फ्लोरिन. निक्कोलो दी सेर लापो नावाच्या दुसऱ्या चित्रकाराचं १०२ लिरांच्या वर देणं (साधारण चार लिरांचा एक फ्लोरिन). हाताखाली काम केलेल्या आंद्रेआ दी जुस्तोची ६ फ्लोरिन मजुरी बाकी. शिवाय 'सिंह' आणि 'गाय' अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन गहाणपेढ्यांकडे वस्तू अडकलेल्या. येणं सांगण्यासारखं एकच, आणि तेही आईचं : नवऱ्याच्या माघारी तिला परत मिळायचे, पण अजून न मिळालेले हुंड्याचे पैसे.

हा चित्रकार म्हणजे मासाच्चो. त्याच सुमारास तो कार्मिने चर्चमधल्या ब्रान्काच्ची कुटुंबाच्या प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवत होता. त्यातल्या सर्वात प्रसिद्ध चित्रात कर वसूल करणारा माणूस येशूसमोर हात पसरून उभा आहे. त्या चित्राचा संबंध तेव्हा शहरात पेटलेल्या कराच्या वादाशी काही अभ्यासकांनी जोडला आहे, काहींना तो पटत नाही. मला तो सिद्ध करायचा नाही. पण चित्र रंगवणाऱ्याच्या डोक्यावर तेव्हा खरोखरच कराचा कागद होता, हे विसरून ती भिंत पाहणं मला जमत नाही.

सगळा हिशेब होऊन मासाच्चोवर जी पट्टी बसली ती ६ सोल्दी. त्या काळात साध्या बिगाऱ्याला दिवसाला साधारण १० सोल्दी मिळत आणि एका फ्लोरिनचे ८० च्या आसपास सोल्दी होत. म्हणजे एक दिवसाच्या मजुरीपेक्षाही कमी. त्याच कायद्याने शहरातल्या सर्वात श्रीमंत माणसावर, पाल्ला स्त्रोत्सीवर, एका हप्त्याला ५०७ फ्लोरिन बसले. म्हणजे बिगाऱ्याच्या चार हजार दिवसांची मजुरी.

आकडे पाहून वाटतं की न्याय झाला. ज्याच्याकडे नाही त्याने नाममात्र द्यावं, ज्याच्याकडे आहे त्याने भरपूर द्यावं. युरोपच्या आर्थिक इतिहासात इतका काटेकोर आणि इतका सार्वत्रिक संपत्तीकर त्याआधी सहसा सापडत नाही. तरीही या करामुळे फ्लोरेन्समधली विषमता का हलली नाही, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे. उत्तरासाठी पैसे आत कसे आले यासोबत ते बाहेर कोणाकडे गेले हेही पाहावं लागतं.

कर्जात रुजलेलं शहर

फ्लोरेन्सने शहरातल्या रहिवाशांवरचा थेट कर, म्हणजे एस्तिमो, १३१५ मध्येच काढून टाकला होता. मधल्या काळात बाहेरून आलेल्या सत्ताधीशांनी तो दोनदा परत आणला, पण ते गेले की तोही गेला. आसपासच्या खेड्यांवरचा थेट कर मात्र चालूच राहिला. शहराच्या खर्चाला दोन वाटा उरल्या. एक होती गाबेल्ले : वेशीवरून येणाऱ्या दारूवर, धान्यावर, तेलावर, आणि मिठावर लागणारी जकात. मुंबईच्या वेशीवर २०१७ पर्यंत जकात नाके होते, त्यामुळे ही कल्पना आपल्याला समजावून सांगायला नको. दुसरी वाट होती सक्तीचं कर्ज, प्रेस्तान्से. युद्ध आलं की सरकार घराघराला आकडा कळवी आणि तेवढे पैसे 'उसने' घेई.

युद्धं तर येतच राहिली. सैन्य भाड्याचं, सेनापती करारावरचे, आणि सगळ्यांना रोख हवी. १३४३ ते १३४५ या काळात सरकारला कळून चुकलं की मुद्दल परत करणं आता शक्य नाही. मग साऱ्या देण्यांचं एकच खातं केलं गेलं, 'मोन्ते', म्हणजे शब्दशः डोंगर. ज्याचं जेवढं येणं तेवढा त्याच्या नावे रोखा आणि वर्षाला ५ टक्के व्याज. मुद्दल मागायचं नाही, पण रोखा दुसऱ्याला विकता येईल. कर्जाचा डोंगर तेव्हा सुमारे ५ लाख फ्लोरिनचा होता. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तो ३० लाखांच्या घरात पोचला.

त्याच सुमारास पेरुत्सी आणि बार्दी या शहरातल्या दोन महाकाय पेढ्या बुडाल्या, पहिली १३४३ मध्ये, दुसरी १३४६ मध्ये. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड त्यांचा मोठा कर्जदार होता. खाजगी सावकारीवरचा विश्वास हलला आणि सरकारी रोखा अधिकच आकर्षक दिसू लागला.

व्याज घेणं पाप, ही चर्चची शिकवण. मग ५ टक्के कसे चालले? त्यावर चौदाव्या शतकाच्या मध्याला शहरात जाहीर वाद झाले. फ्रान्सिस्कन पंथातल्या काहींनी बाजू घेतली की कर्ज सक्तीने घेतलेलं आहे, तेव्हा वर मिळतं ती नुकसानभरपाई. डोमिनिकन विरोधात होते, विशेषतः दुसऱ्याचा रोखा स्वस्तात विकत घेऊन त्यावर कमाई करणाऱ्यांबद्दल. भाषेनेही मदत केली : वह्यांमध्ये 'व्याजखोरी' हा शब्द येत नाही, 'देणगी' आणि 'भरपाई' येतात. १३५८ मध्ये तर सरकारने ५ टक्क्यांची मर्यादा न मोडता ती ओलांडण्याची युक्ती काढली. १०० फ्लोरिन देणाऱ्याच्या नावे खात्यात २०० किंवा ३०० लिहायचे आणि व्याज त्या फुगवलेल्या आकड्यावर मोजायचं. कागदावर ५ टक्के, हातात १० किंवा १५.

एकच मागणी, दोन अनुभव

प्रेस्तान्सेचा आकडा ठरवायची पद्धत अशी होती. शहराचे चार भाग, प्रत्येकाचे चार गोन्फालोने, म्हणजे एकूण १६ वस्त्या. वस्तीतल्या माणसांच्या अनेक समित्या प्रत्येक घराचा अंदाज करत. सर्वात चढे आणि सर्वात उतरते अंदाज बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी घेतली जाई. दिसायला पद्धत चोख. पण समितीतली माणसं शेजारीच, त्यामुळे ओळख, भाऊबंदकी, जुनं वैर सगळं त्या सरासरीत उतरे.

मुख्य गोष्ट पुढे आहे. समजा, एका कापडव्यापाऱ्यावर १०० फ्लोरिनची मागणी आली. त्याने ते भरले. मोन्तेच्या वहीत त्याच्या नावे १०० लागले, वर्षाला ५ फ्लोरिन सुरू झाले, पुढे तो रोखा मुलीच्या हुंड्यात देता आला, गहाण ठेवता आला, विकता आला. आता शेजारच्या विणकराकडे या. त्याच्यावर ३ फ्लोरिन आले. तेवढे त्याच्याकडे नाहीत. कायदा त्याला सवलत देतो : मागणीचा तिसरा हिस्सा भर, बाकी माफ. पण त्या १ फ्लोरिनवर तुझा हक्क संपला. रोखा नाही, व्याज नाही. व्यापाऱ्याने भरलं ते कर्ज, विणकराने भरलं तो कर. दोघांना कागद मात्र एकाच नमुन्याचा आला होता.

मधल्या माणसाची आणखी वेगळी अडचण. त्याने कसेबसे २० फ्लोरिन भरले, २० चा रोखा मिळाला. पुढची मागणी सहा महिन्यांत आली, हातात रोख नाही, म्हणून त्याने जुना रोखा विकायला काढला. बाजारात दर्शनी किमतीच्या निम्मे मिळाले. घेणारा कोण? ज्याच्याकडे रोख शिल्लक आहे तो. ५० फ्लोरिनमध्ये १०० चा रोखा, वर्षाला ५ व्याज, म्हणजे व्याज वेळेवर मिळालं तर १० टक्के. अशा रीतीने प्रत्येक युद्धाबरोबर सरकारी कर्जाचे रोखे खालच्या घरांमधून वरच्या घरांकडे सरकत गेले.

आणि व्याज येत होतं कुठून? गाबेल्लेमधून. विणकराने वेशीवरून आलेली दारू प्यायली, मीठ विकत घेतलं, त्यातली जकात व्यापाऱ्याच्या रोख्याचं व्याज भागवायला गेली. माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचं मर्म याच जोडणीत आहे. संपत्ती मोजायची पद्धत कितीही सुधारली तरी ही जोडणी शाबूत राहिली.

हे त्या काळच्या माणसांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. १३७८ च्या उन्हाळ्यात लोकर पिंजणाऱ्या, विंचरणाऱ्या कामगारांनी, च्योम्पींनी, सरकार ताब्यात घेतलं तेव्हा त्यांच्या मागण्यांमध्ये मोन्तेवरचं व्याज बंद करून मुद्दल १२ वर्षांत फेडावं आणि सक्तीच्या कर्जाऐवजी एस्तिमो आणावा, ही मागणी ठळक होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या कामगारांनी सरकारी अर्थव्यवस्थेच्या नेमक्या सांध्यावर बोट ठेवलं होतं. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचा 'दंगा' म्हणून उल्लेख वाचला की मला वाईट वाटतं. त्यांची सत्ता काही आठवड्यांत मोडली गेली, व्याज चालू राहिलं.

कातास्तो कसा आला

१४२३ पासून मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया विस्कोन्ती याच्याशी युद्ध सुरू झालं. १४२४ च्या जुलैमध्ये झागोनाराला फ्लोरेन्सच्या सैन्याचा दारुण पराभव झाला. खर्च भागेना, मागण्या वाढत गेल्या आणि या वेळी टाहो फोडणाऱ्यांत गरीब एकटे नव्हते. सत्तेबाहेरची श्रीमंत घराणीही म्हणू लागली की समित्या आपल्या माणसांना वाचवतात आणि आमच्यावर बोजा टाकतात. सत्ताधारी गटातल्या रिनाल्दो देल्यी आल्बित्सीने मोजणीचा पुरस्कार केला. पुढे मेदिची या पेढीवाल्या घराण्याच्या आठवणीत जोव्हान्नी दी बिच्ची दे मेदिचीला या कायद्याचा कैवारी म्हणून गौरवलं गेलं, पण सभांच्या नोंदी पाहता त्याचा सूर बराच थंड होता. व्यापाऱ्यांचा आक्षेप सरळ होता : जमीन सगळ्यांना दिसते, व्यापारातलं भांडवल दिसत नाही, ते उघड करायला लावलं तर ते शहराबाहेर जाईल.

१४२७ च्या मे महिन्यात कायदा मंजूर झाला. प्रत्येक कुटुंबप्रमुखाने विवरण लिहून द्यायचं : घरं, मळे, गुरं, पेढीतलं भांडवल, मोन्तेचे रोखे, येणी (वसूल होण्याजोगी आणि बुडीत वेगवेगळी), देणी, घरातली माणसं आणि त्यांची वयं. जमिनीची किंमत उत्पन्नावरून काढायची, ७ फ्लोरिन उत्पन्न म्हणजे १०० फ्लोरिन किंमत. रोखे दर्शनी किमतीने न धरता बाजारभावाने धरायचे. राहतं घर, त्यातलं सामान आणि धंद्याची हत्यारं वगळायची. देणी वजा करायची. मग माणशी, इटालियन शब्दात 'तोंडागणिक', २०० फ्लोरिन वजा. उरेल त्यावर अर्धा टक्का. काहीच न उरलेल्या घराने अधिकाऱ्यांशी बोलून एखादी किरकोळ रक्कम ठरवून घ्यायची. मासाच्चोच्या घरात तीन तोंडं म्हणजे ६०० फ्लोरिनची वजावट. त्याच्याजवळ त्या वजावटीत घालायला काही नव्हतंच.

लपवाछपवी सापडली तर मालमत्ता जप्त आणि खबर देणाऱ्याला बक्षीस.

मोजणी पुरी व्हायला सुमारे तीन वर्षं लागली. फ्लोरेन्सच्या सत्तेखालच्या तोस्काना प्रांतातली सुमारे ६० हजार घरं आणि २ लाख ६० हजारांच्या वर माणसं त्या वह्यांमध्ये उतरली. त्या वह्या आजही फ्लोरेन्सच्या दफ्तरखान्यात आहेत. डेव्हिड हर्लिही आणि क्रिस्तियान क्लापिश-झुबेर या इतिहासकारांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या संगणकात घातल्या, तेव्हा एका मध्ययुगीन समाजाचा ताळेबंद घरागणिक पाहता येऊ लागला. या वह्यांमधली माणसं किती खरी आहेत ते वयांवरून कळतं. असंख्य लोकांनी वय ४०, ५०, ६० असं गोल सांगितलं आहे. माझ्या आजीला जन्मसाल विचारलं तर ती 'मोठ्या पुराच्या आधीचं' म्हणायची. तोच प्रकार.

वह्यांनी काय दाखवलं

फ्लोरेन्स शहरात तेव्हा जेमतेम ३७-३८ हजार माणसं राहत. १३४८ च्या महामारीच्या आधी शहर याच्या दुपटीहून मोठं होतं. तोस्कानाच्या मोजलेल्या लोकसंख्येत शहराचा वाटा १४ टक्के आणि संपत्तीतला वाटा सुमारे दोन तृतीयांश. शहराच्या आतही तेच : सर्वात वरच्या १ टक्का घरांकडे, म्हणजे साधारण १०० घरांकडे, शहराच्या संपत्तीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग. तळाच्या सुमारे एक तृतीयांश घरांकडे वजावटींनंतर करापुरतं काहीच उरत नव्हतं. मोन्तेचे रोखे तर जमिनीपेक्षाही कमी हातांत होते. बहुसंख्य घरांकडे एकही रोखा नव्हता.

पाल्ला स्त्रोत्सीने एकूण १,६२,९२५ फ्लोरिनची मालमत्ता लिहून दिली : मळे, घरं, पेढीतलं भांडवल, रोखे. देणी आणि वजावटी जाऊन करपात्र १,०१,४२२. त्याच्या खालोखाल जोव्हान्नी दे मेदिचीचे करपात्र ७९,४७२ आणि कर ३९७ फ्लोरिन.

गावांची गोष्ट मी थोडी थांबून सांगतो, कारण कातास्तोवर लिहिताना ती नेहमी तळटीपेत जाते. फ्लोरेन्सच्या आसपासची शेती मोठ्या प्रमाणावर अर्धेलीची, मेत्साद्रिया. जमीन शहरातल्या मालकाची, राबणारं कुटुंब शेतावरच राहणार, पीक अर्धंअर्धं. बैलजोडी घ्यायला पैसा मालकच उसना देई. त्यामुळे या वह्यांत अर्धेलकऱ्याच्या नावापुढे मालमत्ता म्हणून काही नाही आणि देणं म्हणून बैलांचे पैसे आहेत. तेच पैसे मालकाच्या विवरणात येणं म्हणून दिसतात. एका बैलजोडीच्या दोन नोंदी, एक शहराच्या वहीत, एक गावाच्या. आणि माणशी २०० फ्लोरिनची वजावट? ती फ्लोरेन्सच्या नागरिकांसाठी. गावकऱ्याच्या 'तोंडा'ला ती लागू नव्हती, उलट डोईपट्टी होती. शहरातला विणकर वजावटीमुळे सुटला, तसा खेड्यातला सुटला नाही. त्या काळच्या न्यायबुद्धीची हद्द शहराच्या तटबंदीपाशी संपत होती, हे मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

फ्लोरेन्सच्या ताब्यातल्या जुन्या स्वतंत्र गावांना तर मोजणीच अपमान वाटली. व्होल्तेर्राने आधीच्या करारांचा हवाला देऊन नकार दिला. बोलणी करायला गेलेल्या व्होल्तेर्राच्या माणसांना फ्लोरेन्सने तुरुंगात टाकलं. १४२९ मध्ये त्यांच्यापैकीच एक, जुस्तो लांदीनी, बंडाचा पुढारी झाला आणि थोड्याच दिवसांत गावातल्याच विरोधकांनी त्याला मारलं. बंड मोडलं, पण त्यानंतर दोनेक वर्षांत व्होल्तेर्रावरची मोजणी फ्लोरेन्सने सोडून दिली.

श्रीमंतांनाही घाम फुटला

इथवर वाचून कोणाला वाटेल की कातास्तो वरच्यांसाठी खेळ होता. तसं नव्हतं, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अर्धा टक्का हा एका हप्त्याचा दर होता, वर्षाचा नव्हे. युद्ध पेटलं की एकाच वर्षात हप्त्यावर हप्ते निघत. दहा हप्ते निघाले तर पाल्लाकडे ५,०७० फ्लोरिन रोख मागितले जाणार आणि त्याची संपत्ती बऱ्याच अंशी मळ्यांमध्ये आणि दगडविटांमध्ये. मोन्तेचं व्याज युद्धाच्या काळात रखडे, म्हणजे रोख्यांवर विसंबून राहणारा श्रीमंतही अडचणीत. पाल्लाने १४२३ मध्ये जेन्तिले दा फाब्रियानोकडून सोन्याने मढवलेलं भव्य वेदीचित्र करून घेतलं होतं. ते आज फ्लोरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयात आहे. पुढच्या दहा वर्षांत त्याच माणसाला कर भरण्यासाठी जमिनी विकाव्या लागल्या, कर्ज काढावं लागलं.

ज्याचा पैसा पेढीत फिरता होता, त्याला मात्र हेच दिवस सोयीचे. मेदिचींना रोख काढता येई, सरकारला अडीनडीला कर्ज देता येई आणि त्यातून मिंधेपणा निर्माण करता येई. १४३४ मध्ये जोव्हान्नीचा मुलगा कोसिमो दे मेदिची हद्दपारीतून परतून सत्तेवर आला आणि पाल्ला स्त्रोत्सी पादुआला हद्दपार झाला. तो तिथेच १४६२ मध्ये वारला, शहरात परत कधी आला नाही.

त्यानंतर मोजणीचं काय झालं हे पाहण्यासारखं आहे. पुन्हा मोजण्या १४३१ आणि १४३३ मध्ये झाल्या होत्या. मेदिची सत्तेवर आल्यावर कितीतरी वर्षं अधिकाऱ्यांच्या मर्जीने आकारणी झाली, चढत्या दराचे करही आले, आणि विरोधकांवर जबर पट्टी बसवणं हे राजकीय शस्त्र झालं. विद्वान मुत्सद्दी जान्नोत्सो मानेत्ती कराच्या ओझ्याखाली पिचून १४५३ मध्ये शहर सोडून गेला, त्याचं दुःख त्याच्या चरित्रकाराने नोंदलेलं आहे. दर चढता आहे म्हणजे कर न्याय्य आहे, असं मानणाऱ्यांनी हा काळ जरूर अभ्यासावा. आकडा लावणारा हात कोणाचा, हे दराइतकंच मोलाचं होतं.

लोकांच्या रेट्याने १४५८ मध्ये पूर्ण मोजणी परत आली. पण मेदिची पेढीच्या तीन गुप्त वह्या १९५० मध्ये सापडल्या आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर घराण्याने करखात्याला दिलेले आकडे खरे नव्हते असं उघड झालं. १४८० पर्यंत व्यापारी भांडवल मोजण्याचा प्रयत्नच सोडून दिला गेला, आणि १४९५ पासून कर फक्त स्थावर मालमत्तेवर राहिला. १४२७ च्या व्यापाऱ्यांचा आक्षेप साठ वर्षांत जिंकला.

मुलींच्या नावाने एक खातं

कर्जाच्या या डोंगराला एक फांदी फुटली होती, तिच्यावर दोन शब्द. १४२५ मध्ये, कातास्तोच्या दोनच वर्षं आधी, सरकारने हुंड्याचा निधी काढला. मुलीच्या नावे १०० फ्लोरिन ठेवा, साडेसात वर्षांनी २५०, पंधरा वर्षांनी ५०० मिळतील. लग्नाआधी मुलगी वारली तर पैसे सरकारजमा. अर्थातच पहिल्या वर्षांत फारसं कोणी फिरकलं नाही : लहान मुलं पटापट मरत अशा काळात हा सौदा बापांना भीषण वाटला असणार. १४३३ मध्ये नियम बदलला, मृत्यूनंतर ठेव परत मिळू लागली, आणि मग वरच्या व मधल्या घरांची रीघ लागली.

हुंड्याचा आकडा सरकारी व्याजदराने ठरणं, त्या व्याजासाठी मिठावरची जकात भरणं, आणि ती जकात ज्या घरातून येते त्या घरातल्या मुलीच्या नावे ठेवायला १०० फ्लोरिन कधीच नसणं. बिगाऱ्याची पूर्ण वर्षाची कमाईच ३० फ्लोरिनच्या आसपास भरे. आपल्याकडे हुंड्यापायी जमीन गहाण पडलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या निधीची नोंदवही कोरड्या डोळ्यांनी वाचता येणार नाही.

गरिबांचं कर्ज

वरच्या माणसाने सरकारला कर्ज दिलं तर त्याला व्याज मिळे. खालच्या माणसाने कर्ज काढलं तर? गहाणपेढीत अंगरखा, भांडं, हत्यार ठेवायचं. १४३७ मध्ये फ्लोरेन्सने ज्यू सावकारांना परवाना दिला तेव्हा दर ठरला लिराला महिन्याला ४ देनारी (एका लिराचे २४० देनारी), म्हणजे वर्षाला २० टक्के. त्याआधी ख्रिस्ती गहाणवाले तेच काम करत, आणि सरकार त्यांच्याकडून दरवर्षी ठोक 'दंड' घेऊन परवानगी देई. १४९५-९६ मध्ये स्वस्त दराने गहाण घेणारी धर्मादाय संस्था, मोन्ते दी पिएता, उभी राहिली. नावात पुन्हा तोच डोंगर, पण गरिबांसाठी आलेला, पहिल्यानंतर दीडशे वर्षांनी.

महामारीनंतर युरोपात मजुरी वाढली, जमिनी विभागल्या, विषमता काही काळ घटली. आर्थिक इतिहासकार ग्विदो आल्फानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोस्कानातल्या कर-वह्या शतकानुशतकं मागे जाऊन तपासल्या. त्यांना दिसलं की पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर विषमता पुन्हा चढू लागली आणि १८०० पर्यंत जवळपास सलग चढत राहिली, अर्थव्यवस्था वाढत नव्हती तेव्हाही. वाढत्या युद्धखर्चासाठी लादलेले, खालच्यांवर जास्त पडणारे कर हे त्यांच्या मते एक मोठं कारण. फ्लोरेन्सचं प्रकरण पाहिल्यावर मला हे पटतं, आणि त्याला मी सरकारी कर्जाचं व्याज जोडीन.

आणखी एक अभ्यास बराच गाजला. बँक ऑफ इटलीच्या बारोने आणि मोचेत्ती या अर्थतज्ज्ञांनी १४२७ ची आडनावं आणि २०११ चे फ्लोरेन्समधले करदाते यांची सांगड घातली. १४२७ मध्ये वर असलेली आडनावं २०११ मध्येही सरासरीने वरच निघाली. आडनाव एक म्हणजे वंश एक असं धरता येत नाही, हे त्या अभ्यासाचं लंगडेपण आहे. संबंध छोटा आहे, पण सहाशे वर्षांनी तो उरलाच कसा, याचं आश्चर्य माझं अजून संपलेलं नाही.

मासाच्चो विवरण दिल्यानंतर लवकरच रोमला गेला. १४२८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास, तो तिथे वारला. ब्रान्काच्चींच्या भिंती अर्ध्याच राहिल्या. कर-वहीत त्याच्या नावाशेजारी, तो रोममध्ये वारल्याचं ऐकिवात आहे, अशी नोंद नंतर कोणीतरी केली. १४३० मध्ये पुढच्या मोजणीची विवरणं भरायची वेळ आली तेव्हा निक्कोलो दी सेर लापोने आपल्या येण्यांच्या यादीत त्याचं नाव घातलं आणि सोबत लिहिलं, की तो रोमला वारला, यातलं काही मिळेल की नाही ठाऊक नाही, कारण भाऊ म्हणतो मी त्याचा वारस नाही.